हे भांडण आपले नव्हे

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या आळीतील एका घरी प्रार्थनासभा झाली. सभेअखेर प्रत्येकाच्या हाती एक पातळ पुस्तिका ठेवण्यात आली. मुखपृष्ठावर माकडापासून माणसापर्यंतची ती सर्वांच्या परिचयाची रांग आणि तिच्यावर लाल रंगाची मोठी फुली. पुस्तिका इंग्रजीवरून केलेली असावी, हे तिच्या ओढूनताणून आणलेल्या मराठीवरून कळत होते. भाषांतरकाराचे नाव नव्हते, मुद्रणस्थळाचा उल्लेख नव्हता आणि कोणा बिशपांची अनुमतीही छापलेली नव्हती. दोन दिवसांनी शेजारची, दहावीत शिकणारी मुलगी ती घेऊन माझ्याकडे आली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे आळीतील मुलांचे काही अडले की ती येतात. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. एका हातात ते पाठ्यपुस्तक, दुसऱ्या हातात ही पुस्तिका. ती म्हणाली, “सर, ह्यात लिहिलंय की उत्क्रांती मानणारा माणूस खरा ख्रिस्ती नसतो. मग मी पेपरात काय लिहू? आणि रविवारी कॉयरला येऊ की नको?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो. पंधरा वर्षांच्या मुलीपुढे कोणीतरी दोन ताटे मांडली होती आणि त्यांतले एकच उचल, अशी सक्ती केली होती. आपल्या ख्रिस्तसभेने अशी सक्ती केलेली नाही. मग ती आमच्या आळीत आली कोठून?

पुस्तिका वाटणाऱ्या बंधुभगिनींच्या हेतूविषयी मला शंका नाही. देवाचा मान राखावा, एवढीच त्यांची इच्छा. परंतु जे हत्यार त्यांनी हाती घेतले आहे ते कोणाच्या भात्यातले आहे, याची त्यांना कल्पना नसावी. सृष्टी सहा हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत घडली आणि भूस्तरांतील सारे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात गाडले गेले, ही शिकवण तिच्या आजच्या रूपात जेमतेम शंभर वर्षांची आहे. जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या गृहस्थांनी १९२३ साली ‘न्यू जिऑलॉजी’ हा ग्रंथ लिहून तिला आकार दिला. १९६१ मध्ये व्हिटकॉम्ब व मॉरिस या दोघा अमेरिकनांनी ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकातून ती घरोघर पोहोचवली. त्यांपैकी मॉरिस हे पाण्याच्या प्रवाहाचे अभियंते होते, भूशास्त्रज्ञ नव्हते. सहा हजार वर्षांचा हिशेब त्याहून जुना. तो सर्वांत प्रसिद्ध रूपात १६५० साली आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी मांडला. सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये, ऑक्टोबर महिन्यात, असे त्यांचे गणित. अशर विद्वान होते आणि त्यांच्या काळाच्या साधनांनी त्यांनी कष्टाने ते गणित केले. पण आज तेच गणित दाखवून मुलांना घाबरवणे ही विद्वत्ता नव्हे.

आपली परंपरा निराळी आहे आणि पुष्कळ जुनी आहे. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हा प्रश्न आजच्या नास्तिकांनी काढलेला नाही. तो तिसऱ्या शतकात ओरिजेनने विचारला, आणि हे वर्णन अक्षरशः घेण्याचे नाही, असा निष्कर्षही काढला. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर पाचव्या शतकाच्या आरंभी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी ख्रिस्ती लोकांना बजावले आहे की, आकाश, तारे, प्राणी, वनस्पती यांविषयी बिगरख्रिस्ती माणसालाही अभ्यासाने व अनुभवाने पुष्कळ ठाऊक असते. अशा माणसासमोर बायबलचा हवाला देऊन आपण सृष्टीविषयी भलतेच बोललो, तर तो पुनरुत्थानाविषयी आपल्यावर विश्वास कसा ठेवील? ही चिंता डार्विनच्या जन्माआधी चौदाशे वर्षे व्यक्त झाली आहे. आमच्या आळीत पुस्तिका वाटणाऱ्यांनी ती वाचली असती, तर कागदाचा खर्च वाचला असता.

आता त्या सहा हजार वर्षांकडे वळू. त्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. खंडाळ्याच्या वा कसाऱ्याच्या घाटातून गाडी जाताना खिडकीबाहेर पाहावे. काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा महाराष्ट्र अशा लोटांनी घडला. दोन काळ्या थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. कातळ निवावा, उन्हापावसाने झिजावा, त्याची माती व्हावी आणि मग तिच्यावर पुढचा लोट यावा, तेव्हा असा पट्टा तयार होतो. एका वर्षाच्या जलप्रलयात, पाण्याखाली, ही झीज व्हायची कशी?

याहून बोलका पुरावा खुद्द मुंबईत आहे. वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या थरांच्या मध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात, लहानशा बेडकांचे जीवाश्म विपुल सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. (हेच ओवेन पुढे डार्विनचे कडवे विरोधक झाले, तेव्हा या बेडकांवर डार्विनपक्षाचे साक्षीदार असल्याचा आरोप करता येणार नाही.) आग ओकणाऱ्या दोन युगांच्या मध्यंतरात तेथे गोड्या पाण्याचे तळे होते, त्यात बेडूक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, आणि मग पुन्हा लाव्हा आला. जगभर खवळलेल्या प्रलयाच्या पाण्यात हे शांत तळे कोठे बसवायचे, ते पुस्तिकेच्या लेखकाने सांगावे. त्याला बहुधा वरळी ठाऊक नसेल. ज्याने भाषांतर केले त्याला तरी ठाऊक असायला हवी होती.

सुशिक्षित माणसे सहा हजार वर्षांची गोष्ट सहसा बोलून दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी नवा पोशाख शिवण्यात आला आहे. त्याचे नाव ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धियुक्त रचनेचा सिद्धांत. रचनाकार कोण ते सांगायचे नाही, बायबलचे नाव घ्यायचे नाही, फक्त एवढेच म्हणायचे की जीवसृष्टीतील काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य आहे. तेथे कोणा बुद्धिमान हाताने थेट रचना केली असली पाहिजे. १८०२ साली विल्यम पेली या अँग्लिकन धर्मगुरूंनी घड्याळाचा दृष्टांत देऊन हेच सांगितले होते. १९९६ मध्ये मायकल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञांनी ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात घड्याळाच्या जागी जिवाणूची कशाभिका ठेवली. काही जिवाणूंना पोहण्यासाठी सूक्ष्म शेपटी असते, ती मोटारीसारखी फिरते आणि तिला डझनावारी प्रथिने लागतात. बीहींनी उंदराच्या सापळ्याचे उदाहरण दिले: फळी, स्प्रिंग, दांडी, यांतले एक काढा, सापळा निकामी. कशाभिकेचेही तसेच, म्हणून ती एकदमच घडलेली असणार.

या युक्तिवादाची खरी परीक्षा न्यायालयात झाली, आणि ती हकीकत आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला की, नववीच्या वर्गात जीवशास्त्राआधी एक निवेदन वाचून दाखवावे: डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत, बुद्धियुक्त रचना हे दुसरे स्पष्टीकरण आहे, त्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ग्रंथालयात ठेवले आहे. विज्ञान शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला; शेवटी प्रशासकांनी वर्गात येऊन वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले. २६ सप्टेंबर २००५ रोजी खटला उभा राहिला.

आपल्या दृष्टीने यातील चित्तवेधक गोष्ट अशी की, पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार, ब्राउन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, हे कॅथलिक. त्याच बाजूने साक्ष देणारे जॉर्जटाऊन विद्यापीठाचे ईशज्ञानपंडित जॉन हॉट हेही कॅथलिक. आणि मंडळाच्या बाजूचे प्रमुख तज्ज्ञ मायकल बीही, तेही कॅथलिकच. तेव्हा देव मानणारे एकीकडे आणि न मानणारे दुसरीकडे, हे चित्र तेथे मुळातच नव्हते. शिवाय खुद्द बीही पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षे मानतात आणि माणूस व वानर यांचे पूर्वज समान होते हेही मानतात. आमच्या पुस्तिकेत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले आहे. हा तपशील तेवढा गाळला आहे.

मिलर यांनी दाखवून दिले की कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांपैकी दहाएक प्रथिनांची जवळची भावंडे प्लेगच्या व इतर काही जिवाणूंत निराळेच काम करतात. त्यांची तेथे सुई बनते आणि तिच्यातून विष टोचले जाते. म्हणजे उरलेले भाग नसले तरी यंत्र निकामी होत नाही, त्याला दुसरे काम असते. सापळ्याच्या दृष्टांतालाही त्यांनी आपल्या व्याख्यानांत गमतीने उत्तर दिले: दोन भाग काढलेला सापळा टायला चिमट्यासारखा लावून ते उभे राहत. रक्त गोठण्याच्या साखळीविषयीही बीहींचा असाच दावा होता की एक कडी काढली तर सारे कोसळते. प्रत्यक्षात डॉल्फिनच्या रक्तात त्या साखळीतील एक घटक मुळी नसतो. तरी त्याची जखम भरते.

उलटतपासणीत बीहींसमोर शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उत्क्रांतीवरील अठ्ठावन्न शोधनिबंध आणि अनेक ग्रंथ यांची चवड रचण्यात आली. ते सगळे वाचलेले नव्हते, तरी ते पुरेसे नाहीत, असे त्यांचे म्हणणे. विज्ञानाची त्यांनी केलेली व्याख्या स्वीकारली तर फलज्योतिषही शास्त्रीय सिद्धांत ठरेल, हेही त्यांना मान्य करावे लागले. मंगळाच्या भीतीने मोडलेली लग्ने ज्या देशात आपण पाहतो, तेथे या कबुलीचे मोल निराळे सांगायला नको.

पण सर्वांत लाजिरवाणा पुरावा शब्दांचा निघाला. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत निर्मितिवाद शिकवण्यास मनाई केली. ‘पांडाज’ पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयासमोर आले तेव्हा दिसले की, त्या निकालानंतर ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दाच्या जागी सर्रास ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ असे शब्द घालण्यात आले होते. व्याख्या तीच, वाक्ये तीच. एके ठिकाणी घाईत जुना शब्द पुरता खोडला गेला नाही आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असा विचित्र प्राणी जन्माला आला. मधला दुवा दाखवा, अशी मागणी करणाऱ्यांच्या स्वतःच्या पुस्तकात असा मधला दुवा सापडावा, याला काय म्हणावे! शाळेला मिळालेल्या साठ प्रतींचे पैसे एका चर्चमध्ये गोळा झाले होते आणि मंडळाच्या सदस्यांनी शपथेवर ते लपवले, हेही उघड झाले. न्यायाधीश जॉन जोन्स हे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल दिला. बुद्धियुक्त रचना हे विज्ञान नव्हे, निर्मितिवादाचेच ते अपत्य आहे, असे सांगून, धर्माचा उघड अभिमान मिरवणारी माणसे ते झाकण्यासाठी खोटे बोलली, यावर त्यांनी कडक शब्दांत बोट ठेवले. देवाच्या बाजूने लढताना आठव्या आज्ञेची गरज उरत नाही, असे या मंडळींना वाटले असावे.

“मधले दुवे कोठे आहेत?” हा प्रश्न आमच्या पुस्तिकेतही तीन वेळा ठळक अक्षरांत आहे. एक दुवा आपल्याच देशातला सांगतो. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची एक कड विशिष्ट प्रकारे जाड होती, आणि तशी जाड कड ही देवमाशाची ओळख मानली जाते. पण हा प्राणी देवमासा नव्हता; तो मांजराहून थोडा मोठा, हरणासारख्या पायांचा, पाण्यात वावरणारा, जड हाडांचा ‘इंडोहायस’ होता. सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पाय असलेले प्राचीन देवमासे पाकिस्तानात सापडले आहेत, कच्छमध्येही आदिम देवमाशांचे अवशेष मिळाले आहेत. मराठीने ज्याच्या नावात देव घातला, त्या माशाची वंशावळ आपल्या उपखंडाच्या खडकांत लिहिलेली आहे.

आणि एक दुवा आपल्या अंगात आहे. बहुतेक सस्तन प्राणी आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला ते जमत नाही. वास्को द गामाच्या खलाशांच्या हिरड्या सुजून ते मेले ते याच्याच अभावी. परंतु ते बनवण्याचे जनुक आपल्यात नाही असे नव्हे. आहे, पण मोडलेले आहे. वानरांतही ते मोडलेलेच आहे. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडली की परीक्षक काय समजतो, हे मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. वानरांना गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, आपल्याला तेवीस; मग एक जोडी गेली कोठे? आपले दुसरे गुणसूत्र दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झाले आहे आणि त्या सांध्याच्या खुणा त्याच्या मध्यभागी आजही वाचता येतात. डोव्हरच्या न्यायालयात मिलर यांनी हेच सांगितले.

विज्ञानाच्या बाजूने एवढे पुरे. मला खरी चीड आहे ती दुसऱ्या गोष्टीची. ही शिकवण विज्ञानाचे जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक श्रद्धेचे करते.

बुद्धियुक्त रचनेचा देव कोठे राहतो? जेथे आपल्याला अजून काही कळलेले नाही तेथे. कशाभिका कळेना, तेथे देव. रक्त गोठणे कळेना, तेथे देव. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत ते कळले की देवाने आपले बिऱ्हाड उचलून पुढच्या अज्ञानात मांडायचे. ज्याच्या ठायी आपण जगतो, वावरतो आणि आहोत, असे प्रेषित पौलाने अथेन्समध्ये ज्याच्याविषयी सांगितले, तो हा देव नव्हे. हा तर मूळ यंत्र चालेनासे झाले की मधूनच बोलावला जाणारा कारागीर. संत थॉमस अक्वायनस यांनी आद्यकारण आणि दुय्यम कारणे असा भेद शिकवला: देव वस्तूंना घडवतो एवढेच नव्हे, तर त्यांना स्वतः कारण होण्याचे सामर्थ्यही देतो. हॉट यांनी न्यायालयात चहाच्या आधणाचे उदाहरण दिले. पाणी का उकळते? रेणू वेगाने हलतात म्हणून. कोणी गॅस पेटवला म्हणून. आणि मला चहा हवा आहे म्हणून. तिन्ही उत्तरे खरी आहेत. रेणूंच्या गर्दीत चहाची इच्छा सापडत नाही, म्हणून ती नव्हती असे ठरत नाही. आणि ती इच्छा आहे म्हणून रेणूंचा अभ्यास खोटाही पडत नाही.

या बाबतीत फादर जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. बेल्जियमचे हे धर्मगुरू गणितज्ञ होते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ मध्ये त्याचा उगम एका आदिम अणूत असावा, अशी कल्पना पुढे आणली. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धांताचे हे मूळ. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात, विज्ञानाला आता ‘प्रकाश होवो’ या आद्य शब्दाची साक्ष मिळाली आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. दुसरा कोणी असता तर हर्षभरित झाला असता. आपले संशोधन खुद्द पोपमहाशयांनी श्रद्धेचा पुरावा म्हणून उचलले! लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचा सिद्धांत उद्या चुकीचा ठरला तर? आणि बरोबर ठरला तरी तो देव सिद्ध करण्यासाठी नव्हता. व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांसमवेत त्यांनी हा आक्षेप रोममध्ये पोहोचवला आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. हाती आलेला एवढा मोठा ‘पुरावा’ ज्याने आपणहून नाकारला, त्या धर्मगुरूची मिस्सा काही कमी श्रद्धेची झाली नसेल.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तिकावाल्यांनी गांभीर्याने घ्यावी. वर सांगितलेली प्लेगच्या जिवाणूची ती सुई पुन्हा आठवा. माणसाच्या रक्षक पेशींत विष टोचण्यासाठी ती जितकी चपखल आहे तितकी कशाभिकाही नसेल. रचना पाहून रचनाकार ओळखायचा असेल, तर ही रचना कोणाची? बीहींनी २००७ सालच्या पुस्तकात हिवतापाच्या परजीवीपर्यंत हा तर्क नेला. तोही हेतुपूर्वक रचलेला, असे त्यांनी म्हटले आहे. तर्काशी ते प्रामाणिक राहिले, एवढे मान्य करू. पण १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा आपल्या लोकांनी गावठाणांच्या वेशीवर क्रूस उभारले. वांद्र्यापासून कितीतरी ठिकाणी ते आजही उभे आहेत. त्या क्रुसांपुढे गुडघे टेकणाऱ्या आयाबायांना आपण असे सांगायचे का, की ज्याला तुम्ही साकडे घालता त्यानेच ती सुई बसून घडवली? उत्क्रांती मानल्याने दुःखाचा प्रश्न सुटतो असे मी म्हणत नाही. निसर्गाला स्वतःच्या चालीने चालू दिल्यावर त्यात जी वेदना येते, तिचे उत्तर माझ्यापाशी नाही. क्रुसावर तीच वेदना सोसणारा आहे, एवढेच आपण जाणतो. पण वेदना होऊ देणे आणि ती हेतुपूर्वक रचणे यांत जे अंतर आहे, ते पुस्तिकेने पुसून टाकले आहे.

“पण डार्विनचे नाव घेऊनच लोक नास्तिक होतात,” असे मला ऐकवले जाते. होतात. रिचर्ड डॉकिन्ससारखे लेखक उत्क्रांतीतून देव नाही असा निष्कर्ष काढतात, तेव्हा तेही विज्ञानाची वेस ओलांडतात. ज्या ताटांविषयी मी आरंभी लिहिले, तीच ताटे ते दुसऱ्या बाजूने मांडतात. त्यांना उत्तर द्यायचे ते त्यांची वाटणी मान्य करून नव्हे.

आपल्या घरातही सारे स्वच्छ होते असे नाही, हे कबूल केले पाहिजे. फादर जॉन झाम यांच्या ‘इव्होल्यूशन अँड डॉग्मा’ या ग्रंथावर १८९८ मध्ये रोमने बंदी घातली, जरी ती जाहीर केली नाही. तेयार द शार्दां या येशूसंघीय शास्त्रज्ञाला हयातीत आपले विचार छापू दिले नाहीत. परंतु १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, असे बजावले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ गृहीतक राहिलेला नाही, असे स्पष्ट केले. २००५ मध्ये कार्डिनल शोनबॉर्न यांनी एका अमेरिकन दैनिकात उलट सूर लावला खरा. तो लेख दैनिकाकडे पाठवला होता रचनावाद्यांच्याच जनसंपर्क संस्थेने, हेही तेव्हाच प्रसिद्ध झाले. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर जॉर्ज कॉयन यांनी त्याला सडेतोड उत्तर दिले. आणि २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सांगितले की देव म्हणजे छडी फिरवणारा जादूगार नव्हे. आदाम-हव्वा आणि मूळ पाप यांचा अर्थ आजच्या अनुवंशशास्त्राच्या प्रकाशात कसा लावायचा, हा प्रश्न खराच अवघड आहे आणि ईशज्ञानपंडित त्यावर अजून झगडत आहेत. तो झगडा प्रामाणिक आहे. लाल फुली मारून तो संपत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, सबब डार्विन चूक. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा निषेध केला आणि आपण सारे हसलो. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचे पत्र काढले. आपण त्यावरही नापसंतीने बोललो. मंत्रिमहोदयांचे वाक्य आणि आमच्या पुस्तिकेच्या सातव्या पानावरचे वाक्य जवळजवळ एकच आहे. धर्म निराळा, वाक्य तेच. तेथे हसायचे आणि येथे हात जोडून पुस्तिका घ्यायची, हे जमणार नाही.

म्हणून धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाकडे माझी साधी मागणी आहे. प्रार्थनासभांत जे छापील साहित्य वाटले जाते ते आधी धर्मगुरूंना दाखवावे. विज्ञानाचा विषय असेल तर आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या शिक्षिकेला वा डॉक्टरांना वाचायला द्यावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीचे पहिले अध्याय शिकवताना ग्रेगर मेंडेल हा ऑगस्टीनच्या संघाचा संन्यासी होता आणि आनुवंशिकतेचे नियम त्याने मठाच्या बागेतील वाटाण्यांवर शोधले, एवढे तरी मुलांना सांगावे. दहावीच्या त्याच धड्यात त्याचे काम आहे, हे त्यांना माहीत नसते.

त्या मुलीने पेपर लिहिला, पुस्तकात होते तसाच. कॉयरलाही ती आली. ईस्टरच्या जागरणविधीत उत्पत्तीचे पहिले वाचन तिच्याकडे होते; सहाही दिवस तिने न अडखळता वाचले. पुस्तिका मात्र माझ्याकडेच राहिली आहे. समासात पेन्सिलीने बरेच लिहिले आहे. ज्यांनी ती वाटली त्यांनी येऊन घेऊन जावी, बसून बोलायला माझी तयारी आहे.